रजनीचा उजवा कान

कुडी तुटली नाही. जुन्या घडणीची होती, रजनीच्या आईकडून आलेली. तिची फिरकी इतकी घट्ट बसायची की काढताना साबणाचं पाणी लावावं लागे. अविनाशने त्या कुडीत बोट अडकवून खाली खेचलं तेव्हा सोनं हललं नाही आणि मोतीही जागचे हलले नाहीत. फाटली ती कानाची पाळी, भोकापासून थेट खालपर्यंत.

"चारचौघांत मला खोटं पाडतेस?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. अविनाश निमकरचा आवाज घरात कधीच चढत नसे.

झालं होतं एवढंच. कलकत्त्याच्या महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात अविनाश एक किस्सा रंगवून सांगत होता. इंदूरला असताना बँकेच्या लॉकररूममध्ये माकड शिरलं, त्याचा. पंगत हसून लोळत होती. आणि वाढता वाढता रजनी सहज बोलून गेली, "अहो, ते इंदूरला नाही, भोपाळला." कोणीतरी म्हणालं, "घ्या निमकर, वहिनींनी माकड पकडलं!" पुन्हा हशा झाला. अविनाशही हसला. सर्वांत मोठ्याने तोच हसला. ते हसू त्याने डमडमच्या घरापर्यंत टॅक्सीत जपून आणलं आणि जिन्यावरची जाळी लावून घेतल्यावर खाली ठेवलं.

रक्त मानेवरून उतरून पोलक्यात गेलं. रजनीने आधी त्याच्या मुठीतून कुडी काढून घेतली, सातही मोती बोटाने चाचपले आणि मग कानाला टॉवेल लावला. ती ओरडली नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि या बाईने तोंडातून आवाज म्हणून काढला नव्हता. खाली घरमालकीण बीथिका माशीमा, म्हणजे बंगालीत मावशी, टीव्हीवर मालिका बघत होती. वर काय चाललंय, याचा तिला पत्ता नव्हता.

अविनाशला नुसतं दुष्ट म्हणून मोकळं होता येईल, पण मग गोष्ट कळायची नाही. माणूस देखणा होता. बँकेत चीफ मॅनेजर, पण शिपायाच्या मुलीच्या लग्नाला हौसेने जाणारा. मंडळाचा गणपती आला की सूत्रसंचालन त्याचंच. म्हाताऱ्यांना हात देऊन पायऱ्या चढवायचा आणि नवी मराठी कुटुंबं बदलून आली की त्यांना गॅसजोडणीपासून शाळेपर्यंत सगळं मिळवून द्यायचा. असा माणूस घरी बायकोचा कान पिळतो, हे कोणाला सांगितलं असतं तरी त्याने सांगणारीलाच वेड्यात काढलं असतं. आणि सांगायचं तरी कोणाला? दर तीन वर्षांनी बदली. शेजारणीशी वाटीची देवाणघेवाण सुरू व्हावी, तिने एकदा "डोळे का सुजलेत गं?" विचारावं, की ट्रक दारात उभा. नागपूर, भोपाळ, इंदूर, राजकोट. प्रत्येक गावाला थोडं थोडं दिसलं, सगळं कुठल्याच गावाला दिसलं नाही.

आणि तो तोंडावर मारत नसे. त्याचे वडील हेडमास्तर होते. कान पिळायची विद्या त्याला घरातूनच मिळाली होती. कान केसांखाली झाकतो.

*

पाळी शिवायला पार्क स्ट्रीटजवळच्या एका कॉस्मेटिक सर्जनकडे नेलं ते अविनाशनेच. वाटेत गोष्टही त्यानेच रचली. मेट्रोत गर्दी होती, दार बंद होता होता चोराने हात घातला. डॉक्टरांसमोर त्याने तो चोर उभा केला, दार उभं केलं, आपली धडपडही उभी केली. पुढे मंडळात हा प्रवेश इतका गाजला की तीन-चार बायकांनी मेट्रोत सोनं घालायचं सोडून दिलं.

शिलाई सुरेख झाली. एक बारीक रेघ, बस. सर्जनने बजावलं होतं, "पुन्हा टोचायचं असेल तर काही महिने थांबा, आणि या रेघेवर नाही, बाजूला टोचा."

आणि इथे रजनीने स्वतःच्या हाताने चूक केली. केतकीचा, तिच्या एकुलत्या एका लेकीचा, पुण्यात साखरपुडा ठरला. विहीणबाईंसमोर भुंड्या कानाने उभं राहायचं? नुसती रिंग घालून भागलं असतं. पण कुडी ही नखरेल वस्तू आहे. तिला पाळीचा मध्य लागतो. भोक जरा कडेला गेलं की मोत्यांचं फूल कलतं आणि बाई फोटोत एका बाजूने उतरलेली दिसते. आईच्या कुड्या घालायच्या तर सरळच बसायला हव्यात. बहुबाजारातल्या सोनाराने टोचायची बंदूक हातात घेऊन विचारलं, "कोथाय?" कुठे? रजनीने आरशात बघून बोट ठेवलं. बरोब्बर मध्यावर. बरोब्बर शिवणीवर.

साखरपुड्याचे फोटो छान आले. कुड्या सरळ बसल्या होत्या.

पावसाळ्यात कानात हरभरा उगवला. दिवाळीपर्यंत त्याचं बोर झालं. गुळगुळीत, तांबूस आणि तटतटलेलं. कातडीला जखम भरून काढायचं सांगितलं होतं, ते काम संपलं तरी तिला थांबायचं कळेना. ती आपली भरतच राहिली. आधी खाज, मग आग, मग आतून कोणी तापली सुई फिरवावी तशी कळ. उशी नको, फोन नको, पंख्याचा वाराही नको. कळ कानात सुरू होऊन जबड्यात उतरायची, तिथून दातात, आणि मग सगळं डोकंच एक दुखरा कान होऊन बसायचं.

"छाटून टाका," अविनाश म्हणाला, आणि त्याच सर्जनने गाठ छाटली. नुसती छाटली. चार महिन्यांत ती परत आली, आता सुपारीएवढी, आणि पाळीच्या पुढून आणि मागूनही.

*

मग डॉक्टर शर्मिष्ठा लाहिडी भेटल्या. साठीच्या, आखूड केसांच्या, बंगाली वळणाचं हिंदी बोलणाऱ्या आणि कोणालाही गोड न बोलणाऱ्या.

"कोणत्या गाढवाने नुसतं कापलं हे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "याला केलॉइड म्हणतात. याला नुसतं कापणं म्हणजे याला आमंत्रण देणं."

त्यांनी समजावून सांगितलं. आधी गाठीतच स्टेरॉइडचं इंजेक्शन, दर महिन्याला. त्याने ती बसते, दुखणंही उतरतं. बरोबर पाळी दाबून धरणारी चिमट्याची रिंग आणि रात्री सिलिकॉनची पट्टी. कोणाला आतून गोठवायचा उपाय लागू पडतो, कोणाला लेझर. आणि एवढ्याने ऐकली नाही तर कापायची, पण कापल्याबरोबर रेडिएशन द्यायचं. थोडे दिवस, थोडंसंच. "पहिला डोस दुसऱ्या दिवशीच. तो चुकला की कापलेलं फुकट. ती पुन्हा येते, आणि रागावून येते."

इंजेक्शन म्हणजे शिक्षा होती. ती गाठ दगडासारखी. औषध आत शिरायला तयार नसे, सुई वाकेल असं वाटे. रजनी खुर्चीचे हात धरून बसायची आणि तिच्या डोळ्यांतून आपोआप पाणी वाहायचं. तोंडातून आवाज मात्र नाही. डॉक्टर एकदा थांबल्या. "अगं बाई, ओरड की! माझे पहिलवान पेशंटसुद्धा आईला हाका मारतात."

गाठ बसू लागली. मऊ झाली, फिकी झाली. एक महिना तर असा गेला की रजनी उजव्या कुशीवर झोपली. आणि मग एका रविवारी आमटीत मीठ जास्त झालं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं. "हा कान कोणी ओढला?"

"ओढणी अडकली."

"तू साडी नेसतेस."

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं.

"हे बघ, व्रणाला ताण नको असतो. बसत आलेला व्रण कोणी ओढला की तो पुन्हा जागा होतो. मी महिनाभर निजवते, आणि तुझ्या घरी कोणीतरी त्याला उठवतं. असं असेल तर मी कापणारही नाही आणि किरणही देणार नाही. एवढा मारा तुझ्या कातडीवर करायचा आणि वर तो कान कोणी हातात धरायचा? खरं सांगशील तेव्हा ये."

रजनीला त्या बाईचा राग आला. नुसतं दुखणं थांबवा म्हणतेय मी, त्यात घरातली धुणी कशाला हवीत? घरी येईपर्यंत कळ पुन्हा दातात उतरली होती.

*

मंडळाचं गणपतीतलं नाटक बागबाजारला सुधाताई पटवर्धनांच्या घरी बसायचं. सुधाताई पंचाहत्तरीच्या. जन्म कलकत्त्याचाच, आणि मराठी रंगभूमी अशी ताठ मानेने सांभाळणारी बाई की तालमीला उशीर झाला तर बँकेच्या चीफ मॅनेजरलाही अंगठे धरून उभं करेल. "या बागबाजारात एके काळी मराठ्यांना अडवायला खंदक खणला होता," ती नव्या माणसाला सांगायची. "बुजला तो. आता तुम्ही आलात तर निदान वेळेवर या."

त्या जुन्या दिवाणखान्यात अजून नाटकाचा वास होता. दाढीमिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा, विगच्या धुळीचा, आलं घातलेल्या चहाचा. रजनी प्रॉम्प्टर. विंग म्हणून लावलेल्या पडद्याआड संहिता घेऊन उभी राहायची. तिची कुजबूज बरोबर नटाच्या कानाशी पोचायची, पुढच्या रांगेला पत्ताही नसायचा. सुधाताई म्हणायची, असा प्रॉम्प्टर मिळाला तर मुक्यालाही भूमिका द्यावी.

त्या वर्षीच्या नाटकात अविनाश करारी बाप होता आणि सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपनीत नोकरी करणारा ऋषभ त्याचा मुलगा. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाप मुलाच्या थोबाडीत मारतो, असा प्रवेश. रंगमंचावरची थोबाडीत कशी असते? मारणाऱ्याचा हात गालापासून बोटभर अंतरावर थांबतो, मार खाणारा मान झटकतो, आणि विंगेत उभा असलेला माणूस त्याच क्षणी टाळी वाजवतो. प्रेक्षकाला वाटतं, गाल फुटला. ती टाळी वाजवायचं काम रजनीचं होतं.

त्या संध्याकाळी अविनाश रंगात होता. डोळ्यांत रक्त उतरलं, कपाळाची शीर उठली, हात मागे गेला. तो खांद्याचा झोक, ते बोटं ताठ होणं, सगळं सगळं रजनीच्या ओळखीचं होतं. पडद्याआड तिची मान आपोआप खांद्यात गेली. हात सुटला. हवा कापत आला. आणि ऋषभच्या गालापाशी बोटभर अंतरावर थांबला. जरा थरथरलासुद्धा नाही.

टाळी वाजलीच नाही.

मुकी थोबाडीत. ऋषभने मान झटकली होती, अविनाशचा हात तसाच हवेत, आणि खोलीत चिडीचूप.

"रजनी! टाळी!" सुधाताई कडाडली. "अगं, झोप लागली का तुला?"

"सॉरी ताई."

"पण काय हात आहे बघा!" सुधाताई बाकीच्यांकडे वळली. "याला म्हणतात ताबा. इतक्या जोरात सोडायचा आणि असा अलगद थांबवायचा. नटांची वर्षं जातात यात."

"काका, मला नुसता वारा लागतो," ऋषभ म्हणाला. "मी तर डोळेसुद्धा मिटत नाही आता. मस्त कंट्रोल!"

अविनाशने नम्रपणे मान झुकवली.

रजनी संहितेकडे बघत होती, पण अक्षरं दिसत नव्हती. सत्तावीस वर्षं प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी हा माणूस तिच्यापाशी येऊन बसायचा. कधी रडायचा. "रजू, मला कळतच नाही गं. राग आला की हात माझ्या ताब्यात राहत नाही." आणि तिने ते खरं मानलं होतं. दुखणाईताचं करावं तसं त्याचं केलं होतं. मीठ बेताने, बोलणं बेताने. आणि हा हात थांबतो. पाहिजे तिथे, पाहिजे तेव्हा, बोटभर अंतरावर थांबतो.

टॅक्सी शामबाजारच्या चौकातून वळली तेव्हा अविनाश म्हणाला, "अख्खा प्रसंग पाडलास माझा." ड्रायव्हरला आरशात काही दिसू नये इतक्या सावकाश त्याचा हात तिच्या मानेमागून आला आणि त्याने ती गाठ दोन बोटांत धरून पिळली. रजनीच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. गाठीचं कातडं फाटलं आणि चिकट ओल केसांत उतरली.

"तिथे कसा थांबला?" तिने विचारलं.

"काय?"

"हात."

"ते नाटक असतं, बावळट," अविनाश म्हणाला आणि रुमालाला बोटं पुसली.

*

दुसऱ्या दिवशी रजनी डॉक्टर लाहिडींसमोर बसली आणि एका दमात म्हणाली, "माझा नवरा ओढतो. पहिल्यांदा फाडला तोही त्यानेच. मेट्रोत चोर नव्हता."

डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी नर्सला दार लावून घ्यायला सांगितलं आणि स्वतःच्या डब्यातली संदेश मिठाई रजनीपुढे ठेवली. "आता मी कापते. पण तुला मला वचन द्यावं लागेल. हा कान पुन्हा कोणाच्या हातात जाणार नाही. पोलिसांकडे जायचं का, कधी, ते तू ठरव. मी माझ्या कागदावर खरं तेच लिहिणार."

"वचन कसं देऊ? हात त्यांचा आहे."

"कान तुझा आहे."

अविनाशला शस्त्रक्रियेचं कळलं तेव्हा तो खूषच झाला. गणपतीआधी गाठ जाणार म्हणजे चांगलंच. कामाच्या गडबडीत तो रजनीला नर्सिंग होमच्या दारात सोडून बँकेत गेला. पाळी बधिर करून डॉक्टरांनी गाठ आतून सोलून काढली, उरलेली कातडी बारीक टाक्यांनी जुळवली. घरी आणायला बीथिका माशीमा गेली होती. सत्तरीची विधवा, पानाने लाल झालेलं तोंड, आणि रजनीला ती लाडाने "बर्गी" म्हणायची. तुमच्या त्या बर्गींच्या, मराठा घोडेस्वारांच्या भीतीने आमच्या आया पोरांना झोपवायच्या आणि तू मेली मुंगीलाही भितेस, असं वर म्हणायची.

संध्याकाळी अविनाशने पट्टी बघितली. "वा. छोटीशीच आहे. उद्या रेडिएशनला मी येतो. डॉक्टरीणबाईंना भेटलोच नाही कधी. जरा बोलू, ओळख करून घेऊ."

रजनीला ते चित्र दिसलं. अविनाश हसत आत शिरेल, बंगालीत दोन वाक्यं टाकेल, मेट्रोतला चोर पुन्हा उभा करेल.

"नका येऊ," ती म्हणाली. "त्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"कान कोणी फाडला ते. मी सांगितलं."

अविनाशने काहीच केलं नाही. बसल्या जागी वरणभात संपवला, ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं, हात धुतले. त्या रात्री तो तिच्याकडे न बघताच झोपला. रजनी मात्र डोळे उघडे ठेवून पडून राहिली. अंगावर हात पडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

सकाळी ती आंघोळ करून, केस वर बांधून, हॉस्पिटलची फाइल घेऊन निघाली तेव्हा जिन्यावरच्या जाळीला कुलूप होतं. अविनाश लुंगीवर, पेपर घेऊन खुर्चीत बसला होता.

"किल्ली?"

"आज कुठे जायचं नाही."

"अहो, आजचा डोस चुकला तर गाठ परत येईल. डॉक्टर म्हणाल्यात."

"येऊ दे. आवडते ना तुला, लोकांना दाखवायला?"

तिने त्याच्या खिशाकडे हात नेला आणि त्याने तो मनगटात धरून पिरगाळला. फाइल पडली. मग जे सत्तावीस वर्षांत कधी भरदिवसा झालं नव्हतं ते झालं. त्याने तिला भिंतीवर आपटलं. देवघराची फळी खाली आली, समई जमिनीवर गडगडत गेली. त्याने गुडघ्याने तिला दाबून धरलं आणि श्वास सोडत म्हणाला, "डॉक्टरणीला सांगतेस? मंडळात सांगशील? केतकीच्या सासरी सांगशील?" आणि प्रत्येक प्रश्नाला तिचं डोकं भिंतीला लागलं. तरी तो आवाज चढवत नव्हता. मग त्याने डाव्या हाताने तिचे केस मागे खेचले आणि उजवा हात पट्टीकडे नेला. बोटं पट्टीखाली शिरली. एक टाका सुटल्याचं रजनीला ऐकू आलं, कानाच्या आत, कापड फाटावं तसं.

तो हात तिच्या तोंडावरून गेला होता. मनगट तिच्या दातांशी होतं.

रजनी चावली.

अंगठ्याखालच्या मांसल भागात तिचे दात रुतले आणि मिटले. तोंडात मीठ आलं, ऊन आलं. त्याने हिसडा दिला, तिची मान हिसड्याबरोबर गेली, पण दात सुटले नाहीत. त्याने तिच्या पाठीत ठोसा घातला, दुसरा घातला. ती जबडा आवळत गेली. दातांखाली काहीतरी कडक लागलं. आणि तेव्हा अविनाश निमकर ओरडला. घसा फाडून, लहान पोरासारखा, आईच्या नावाने ओरडला.

तो आवाज खिडकीतून गल्लीत गेला. मासेवाल्याने पाटी खाली ठेवली. खालच्या दाराची कडी वाजली.

"के चेंचालो? की होलो?" कोण ओरडलं, काय झालं, म्हणत माशीमा जिना चढत होती, आणि तिच्यामागे समोरच्या घरातले दोघे भाऊ. सगळे जाळीपाशी येऊन उभे राहिले. जाळीच्या आत भिंतीला टेकून रजनी बसली होती. तोंड रक्ताने माखलेलं, पट्टी लोंबत असलेली, अंबाडा सुटून पाठीवर. अविनाश चावलेला हात छातीशी धरून उभा होता.

 रजनीने अविनाशच्या तोंडाकडे बघितलं. चेहरा बदलत होता. वेदना आत गेली, कपाळ सुटलं, ओठांच्या कडेला ते मंडळातलं हसू यायला लागलं.

"काही नाही, माशीमा," तो बंगालीत म्हणाला. "हिची तब्येत. ऑपरेशनचा ताप डोक्यात गेला. बघा ना, मलाच चावली."

"माशीमा, आमाके हासपाताल जेते हॉबे," रजनी म्हणाली. रक्त थुंकून तिने पुन्हा बंगालीतच म्हटलं, मोठ्याने, म्हणजे समोरच्या भावांनाही कळेल. "मला हॉस्पिटलला जायचंय. किल्ली यांच्या खिशात आहे. मला कोंडलंय."

माशीमाने जाळीतून आत हात घातला, तळवा वर करून. "निमकॉरबाबू. चाबी."

अविनाश हसतच होता. पण तीन माणसं बघत होती. खाली गल्लीतही माणसं वर बघत होती. त्याने खिशातून किल्ली काढली आणि त्या तळव्यावर ठेवली.

*

हॉस्पिटलच्या रेडिएशन विभागात डॉक्टर लाहिडी स्वतः आल्या होत्या. सुटलेला टाका त्यांनी तिथेच पुन्हा घातला. या वेळी रजनी ओरडली, आणि डॉक्टर म्हणाल्या, "शाब्बास." दुपार व्हायच्या आत डोस बसेल, फार उशीर झालेला नाही, थोडं बाहेर बसा, मशीन तयार होतंय.

बाहेरचा हॉल भरलेला होता. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, खाकरणारे म्हातारे, डबे, थर्मास, थकलेले नातेवाईक. रजनी आणि माशीमा भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. माशीमा ओल्या पदराने तिच्या हनुवटीवरचं रक्त पुसत होती आणि पुटपुटत होती, "बर्गी बर्गी म्हणत होते मी, तर खरंच निघाली."

तेवढ्यात दारातून अविनाश आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हाताला पांढरं बँडेज. त्याने माशीमाला नमस्कार केला, शेजारच्या म्हाताऱ्याला "बसा, बसा" म्हणून जागा करून दिली आणि रजनीसमोर उकिडवा बसला.

"रजू," तो मराठीत हळू म्हणाला, "झालं ते झालं. मला कळलंच नाही गं, हात माझ्या ताब्यात…"

"ताब्यात असतो," रजनी म्हणाली. "तालमीत मी बघितलाय. टाळी वाजवायला मीच असते ना?"

त्याचा चेहरा एकदम रिकामा झाला. "चल घरी. तमाशा नको. लोक बघतायत."

"बघू देत." तिने आवाज चढवला आणि हिंदीवर आली, हॉलमधल्या सगळ्यांना कळेल अशी. "मैं घर नहीं आऊँगी. तुम्ही मारता मला." शेवटचं वाक्य मराठीतच निघालं, पण बाकावरच्या एका बाईने थर्मासचं झाकण लावता लावता मान वर केली, आणि कोणी न सांगता तिला कळलं.

अविनाशचा उजवा हात उठला. दंड धरायला की कान, कोणास ठाऊक. अर्ध्यात आला आणि थांबला. हॉलभर माणसं बघत होती. बँडेजखाली बोटं आखडली, आणि हात त्याच्या मांडीवर परत गेला.

रजनी त्या हाताकडे बघत राहिली, तो पूर्ण खाली जाईपर्यंत.

"रोजोनी निमकॉर!" आतल्या दारातून वॉर्डबॉयने पुकारा केला. "रोजोनी निमकॉरचा पेशंट पार्टी के?" पेशंटबरोबर कोण आहे, एवढंच त्याला हवं होतं. हॉस्पिटलचा रोजचा प्रश्न.

सवयीने अविनाश उभा राहिला. शर्ट नीट केला, हसू आणलं आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"तो नाही," रजनी म्हणाली. उठताना तिने माशीमाचा हात धरला होता. "ही."

आणि माशीमा, सत्तर वर्षांची, गुडघ्याने अधू, पान थुंकायला जागा न मिळाल्याने गाल फुगलेली, भरल्या तोंडाने म्हणाली, "हॅं, आमि." दोघी त्या जाड दारापर्यंत बरोबर गेल्या. तिथून पुढे रजनी एकटीच आत गेली, आणि माशीमा दाराबाहेर, अविनाशकडे तोंड करून, स्टूल ओढून बसली.